डायबेटीसचं वार्षिक पॅकेज: तपासण्या झकास, पण ते पान नंबर ७ कोणी छापलं?

रेटिंग आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे ते सुटतील. लॅबला साडेचार, तिथल्या डायबेटीस एज्युकेटर मॅडमना पाचपैकी पाच, आणि रिपोर्टच्या पान नंबर ७ ला शून्य. सरासरी तीनच्या आसपास येते, आणि बोंब सगळी सरासरीवरूनच आहे. सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण ओळखीत दुसऱ्या एकांनी वेगळ्या शहरात तपासण्या केल्या त्यांच्या रिपोर्टमध्येही अगदी तस्संच पान बघितलंय, सॉफ्टवेअर कुठूनतरी एकच विकत घेतलेलं असणार.

तर नाशिकमध्ये फॅमिली पॅकेज घेतलं, तिघांचं मिळून बारा हजारांच्या आत बसलं. तिघं म्हणजे मी, माझे सासरे अप्पा, आणि बहिणीचा मुलगा जो इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडेच राहतो. मला एकेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली, आता पन्नाशी आलीच. अप्पा ७६ चे, त्यांना सत्तरीला टेकल्यावर निघाली. भाच्याला टाइप वन, शाळेत असल्यापासून इन्सुलिनवर, आता १९ चा आहे. एका घरात तीन पिढ्या आणि तीन तऱ्हांचा डायबेटीस, त्यामुळे रिव्ह्यू लिहायला मी अगदीच लायक आहे असं नवऱ्याचं म्हणणं, त्याची स्वतःची शुगर नॉर्मल आहे म्हणून त्याला विनोद सुचतात.

आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलं आहे. फास्टिंग (उपाशीपोटीची शुगर), पीपी (खाल्ल्यानंतरची), एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉल, किडनीसाठी क्रिएटिनिन, ईसीजी हे तर सगळीकडेच असतं, पण इथे लघवीतलं अल्ब्युमिन (प्रोटीन, किडनीला त्रास सुरू झालाय का ते त्यावरून कळतं) होतं जे बऱ्याच स्वस्त पॅकेजमधून गुपचूप गाळलेलं असतं, डोळ्याच्या पडद्याचा फोटो होता, आणि पायाच्या तळव्याला ती नायलॉनची तार टेकवून कळतंय का विचारतात ती टेस्ट पण व्यवस्थित, घाई न करता केली. रक्त घेणारी मुलगी हाताची पक्की, अप्पांची शीर सापडत नाही कधी, तिला पहिल्या टोचणीत सापडली. पीपीसाठी मधे दोन तास मिळतात, नेहमी खाता तेच खा असं काउंटरवर सांगतात, अप्पांनी मी नेहमी मिसळच खातो असं ठणकावून सांगितलं आणि समोर जाऊन तर्री मारून खाऊन आले. त्यांच्या पीपीचा आकडा इथे लिहीत नाही.

रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी व्हॉट्सॅपवर पीडीएफ. इथे पहिली खोट. बुकिंग माझ्या नंबरवरून केलं म्हणून तिघांचेही रिपोर्ट माझ्याच मोबाईलवर आले. अप्पांचं समजू शकते, पण भाचा १९ वर्षांचा सज्ञान मुलगा आहे, त्याचा रिपोर्ट त्याच्या आधी मावशीने का बघायचा?

पहिली सहा पानं ठीक. मग पान नंबर ७. वर मोठ्या अक्षरात "तुमचे अपेक्षित आयुष्य", खाली हिरव्यापासून लालपर्यंत जाणारी पट्टी आणि तिच्यावर एक बाण. माझ्या रिपोर्टवर लिहिलेलं, भारतीयांचे सरासरी आयुष्य ७० वर्षे, मधुमेहामुळे घट ६ वर्षे, तुमचे अपेक्षित आयुष्य ६४ वर्षे. अप्पांच्या रिपोर्टवर? शब्द न शब्द तेच. ७० वजा ६, ६४. बाण लाल रंगात, पट्टीच्या पार टोकाला जाऊन बसलेला.

अप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सूनबाई, म्हणजे मी जाऊन बारा वर्षं झाली की. मग हे मिसळीचे पैसे कोणी दिले?"

हसलो आम्ही सगळे, पण भाच्याच्या पानावर हसण्यासारखं नव्हतं. त्याच्याकडे घट २० वर्षे, अपेक्षित आयुष्य ५०. त्याने ते बघितलं, काही बोलला नाही, खोलीत गेला. रात्री जेवायच्या आधी मी नेहमीसारखं इन्सुलिन घेतलंस का विचारलं तर म्हणतो काय फरक पडतो. हा मुलगा कधी असं बोलत नाही, बरं का. कार्ब मोजून डोस घेणारा, दंडावर सेन्सर लावलेला, शुगरचा ग्राफ मित्रांना दाखवून फुशारकी मारणारा पोरगा आहे तो. एका पानाने त्याला हे बोलायला लावलं. आणि पुढचंच पान, नंबर ८, "गमावलेली वर्षे परत मिळवा", खाली त्यांच्याच रिव्हर्सल प्रोग्रॅमची, म्हणजे डायबेटीस घालवून देतो म्हणणाऱ्या कोर्सची जाहिरात, सहा महिन्यांचे चाळीस हजारांच्या वर. टाइप वनच्या मुलाला रिव्हर्सल! टाइप वनमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच शरीराने मारलेल्या असतात, तिथे काय रिव्हर्स करणार आहात?

आता मी सांगते मला हे इतकं का लागलं. मी विम्याच्या ऑफिसात प्रपोजल बघते. डायबेटीस लिहिलेला फॉर्म आला की मेडिकल मागवायचं, किती वर्षांपासून आहे, एचबीएवनसी किती, लघवीत प्रोटीन आहे का, आणि मग लोडिंग लावायचं म्हणजे हप्ता वाढवायचा, हे रोजचं काम. आयुष्याचे आकडे माझ्या टेबलावरून जातात आणि त्यांचा उपयोग मला माहितीये. तो उपयोग असतो लॉटसाठी, हजारो माणसं एकत्र धरली की त्यांच्यातली किती कधी जातील याचा हिशेब बरोबर येतो आणि कंपनी चालते. त्यातला अमुक एक माणूस कधी जाईल हे आमचा कुठलाच तक्ता सांगत नाही आणि आम्ही ते सांगायचं धाडसही करत नाही. (गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये याच आकड्याचा उलटा फायदा मिळतो, तिथे पेन्शनची अॅन्युइटी (एकरकमी पैसे भरून आयुष्यभर पेन्शन) विकत घेताना डायबेटीस आहे असं सांगितलं तर दर महिन्याला जास्त पैसे मिळू शकतात, कारण कंपनीला कमी वर्षं द्यावे लागतील असा त्यांचा हिशेब. इथे हप्ता वाढतो, तिथे पेन्शन वाढतं, आकडा तोच.)

तर ७० वजा ६ मध्ये काय काय चुकलंय ते बघू. ते ७० म्हणजे सरकारच्या सॅम्पल रजिस्ट्रेशनच्या (जन्म-मृत्यूच्या नमुना नोंदणीच्या) २०१६ ते २० च्या तक्त्यातलं जन्माच्या वेळचं आयुर्मान. त्यात तान्ही असताना गेलेली बाळं आली, तरुणपणी अपघातात गेलेले आले, सगळे आले. जो माणूस साठीपर्यंत पोचलाय तो या सगळ्यातून पार झालेला असतो, त्याला पुढे सरासरीने आणखी साधारण १८ वर्षं असतात, म्हणजे ७८ च्या पुढे. ७६ पर्यंत पोचलेल्याला त्याच्याही पुढे. वय वाढतं तशी ती सरासरी पुढे सरकत जाते, ७० वर येऊन थांबत नाही. त्यामुळे ७६ च्या माणसाच्या रिपोर्टवर ६४ छापून येणं हे मेडिकल सायन्स नाही, नुसती वजाबाकी आहे, आणि ती पण चुकीची. एवढं तरी सॉफ्टवेअरवाल्याला कळायला हवं होतं की जो माणूस स्वतःच्या पायाने येऊन रक्त देऊन गेला त्याचं अपेक्षित आयुष्य त्याच्या वयापेक्षा कमी येऊ शकत नाही.

आणि ते ६? ते मात्र हवेतून आलेलं नाही. २०११ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला होता, ९७ वेगवेगळ्या अभ्यासांतली ८ लाख २० हजारांवर माणसं एकत्र करून. त्यात असं दिसलं की पन्नाशीचा डायबेटीस असलेला माणूस त्याच वयाच्या डायबेटीस नसलेल्या माणसापेक्षा सरासरी ६ वर्षं आधी जातो. वाक्य नीट वाचा, पन्नाशीचा, त्याच वयाच्या दुसऱ्याशी तुलना, आणि सरासरी. हे तिन्ही शब्द काढून टाकले की उरतं ते पान नंबर ७. शिवाय त्याच अभ्यासात होतं की कमी झालेल्या वर्षांपैकी साधारण ४० टक्के वर्षं हार्ट आणि रक्तवाहिन्या सोडून दुसऱ्याच कारणांनी जातात, कॅन्सर, इन्फेक्शन, लिव्हर, किडनी वगैरे. आपल्याकडे डायबेटीस म्हटलं की सगळे फक्त हार्ट अटॅकचं बोलतात, त्यामुळे हे मला नवीन होतं, रिपोर्टमध्ये अर्थातच नव्हतं.

सरासरीचं बोलायचं तर शाळेचा दहावीचा निकाल ९२ टक्के लागला म्हणून तुमच्या मुलाला ९२ टक्के पडले असं कोणी पेढे वाटत नाही ना? मग इथे का वाटता. त्या ६ मध्ये कोणी वीस वर्षं आधी गेलेला असतो आणि कोणी एक दिवसही आधी गेलेला नसतो.

त्याच अभ्यासाचा अजून एक आकडा व्हॉट्सॅपवर फिरतो, डायबेटीसवाल्यांना मरणाचा धोका ८० टक्के जास्त. आकडा खरा आहे. पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे आलं तेव्हा एका काकूंनी १०० पैकी ८० जण जाणार असं वाचलं आणि त्यांचं बीपीच वाढलं. ८० टक्के जास्त म्हणजे कशाच्या जास्त? समजा एखाद्या वयात हजारातली ५ माणसं वर्षभरात जात असतील तर डायबेटीसवाल्या हजारातली ९ जातील. ५ चे ९. हे पण काही कमी नाही, पण ऐकताना छातीत जे होतं ते वेगळं होतं. दोन्ही पद्धतीने एकच गोष्ट सांगितली जाते, आणि ज्याला काहीतरी विकायचं असतं तो हटकून ८० टक्क्यांची पद्धत निवडतो.

मी सेंटरला फोन केला. मॅनेजर म्हणाले, मॅडम पेशंट सिरियसली घेत नाहीत म्हणून आम्ही मुद्दाम तसं ठेवलंय. म्हटलं तुमचं पान बघून आमच्या पोराने इन्सुलिन कशाला घ्यायचं म्हटलं, हे सिरियसली घेणं झालं का? मग थोडे नरमले आणि एज्युकेटर मॅडमची वेळ दिली, एक्स्ट्रा पैसे न घेता. इथून पुढचा रिव्ह्यू त्या मॅडमचा.

पहिली गोष्ट त्यांनी काय केली तर भाच्याला विचारलं मावशींना बाहेर बसवू का. तो म्हणाला असू दे. मग त्याला विचारलं, तुला आकडा ऐकायचाय का, नसेल ऐकायचा तर आपण फक्त पुढे काय करायचं तेवढंच बोलू. हा प्रश्न, एवढा साधा प्रश्न, त्या रंगीत पानाच्या आधी कोणीच विचारलेला नव्हता. किती तरी लोकांना आकडा नको असतो आणि तो त्यांचा हक्क आहे. भाचा म्हणाला सांगा.

मग त्यांनी सांगितलं की २० हा आकडा बराच जुना आहे. ब्रिटनमधल्या डायबेटीस यूके संस्थेच्या २०१० च्या माहितीत टाइप वनला २० वर्षांपेक्षा जास्त आणि टाइप टूला (बहुतेक मोठेपणी निघणारा, माझ्या-अप्पांसारखा) १० पर्यंत घट असं होतं आणि इंटरनेटवर ते अजून इकडून तिकडे कॉपी होत फिरतंय. २०१५ मध्ये स्कॉटलंडच्या सगळ्या टाइप वन लोकांची नोंद बघून जो अभ्यास आला त्यात विशीतल्या पुरुषांना साधारण ११ आणि बायकांना १३ वर्षांचा फरक दिसला. भाचा म्हणाला ११ पण कमी नाहीत. मॅडम म्हणाल्या नाहीतच कमी, मी गोड करून सांगत नाहीये. पण ते ११ कसे काढले ते ऐक, तेव्हा म्हणजे २००८ ते २०१० मध्ये ज्या वयाची जितकी माणसं गेली तो दर तसाच पुढे धरलाय. तेव्हा साठीत-सत्तरीत असलेल्या पेशंटांची पहिली बरीच वर्षं कशी गेली असतील बघ, घरी शुगर मोजायचं मशीन नाही, लघवी तपासून अंदाज घ्यायचा, आणि शुगर काटेकोर ठेवली तर डोळे-किडनी वाचतात हे पक्कं सिद्ध झालं तेच मुळी १९९३ मध्ये. त्यांच्या शरीरावर जे झालं त्याचा हिशेब तुझ्या नावावर मांडलाय. तुझ्या दंडावर जे लावलंय ते त्यांच्यापैकी कोणाकडे नव्हतं. मग तुझं किती होईल? हे कोणाकडेच मोजलेलं नाही, कारण तुझ्या पिढीचं आयुष्य अजून व्हायचंय.

अमेरिकेत बोस्टनला जॉस्लिन सेंटर आहे, ते १९७० पासून इन्सुलिनवर ५० वर्षं पूर्ण केलेल्यांना मेडल देतात हे पण त्यांनी सांगितलं, आता तर ७५ वर्षंवाल्यांनाही देतात. भाच्याला हे फार आवडलं. हिशेब करून म्हणाला मला कधी मिळेल, आणि मग एकदम कळलं त्याचं त्यालाच की पन्नास वर्षं इन्सुलिन म्हणजे वय साठीपार. पान नंबर ७ नुसार तर तो तेव्हा नसणारच. लगेच सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही, अजूनही मधेच गप्प होतो, पण डोस चुकवत नाही.

अप्पांची पाळी आली तेव्हा त्यांनी आल्या आल्या सांगितलं की मी वारलेलो आहे, लवकर आटपा. त्यांचं एचबीएवनसी ६.८ आलं होतं, मिसळीसकट. मॅडमनी स्वीडनचा २०१५ चा अभ्यास सांगितला, चार लाखांवर टाइप टूचे पेशंट, त्यात ७५ च्या पुढच्या ज्या लोकांचं एचबीएवनसी ६.९ किंवा त्याच्या आत होतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण डायबेटीस नसलेल्या त्यांच्या वयाच्या लोकांपेक्षा जास्त नव्हतंच. शून्य घट! जिथे घट शून्य तिथे ६ वर्षं कापून आमच्या म्हाताऱ्याला यमाकडे पाठवलं होतं. उलट मॅडमना काळजी वाटली ती वेगळीच, या वयात शुगर फार खाली ठेवायच्या नादात ती एकदम उतरते, चक्कर येते, माणूस पडतो, खुबा मोडतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून गोळी कमी करता येते का बघा म्हणाल्या. हे खरं कामाचं. आणि तंबाखू-चुना सोडा म्हणाल्या, ते अप्पांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

आता माझं. इथे मला धक्का बसला, आणि म्हणूनच हा रिव्ह्यू नुसता "आकडे दाखवू नका" असा लिहीत नाहीये. माझ्यासाठी ६ हा आकडा कमी निघाला. २०२३ मध्ये त्याच २०११ वाल्या मंडळींनी नवीन अभ्यास छापला, १९ श्रीमंत देशांतली १५ लाख माणसं, आणि यावेळी डायबेटीस कुठल्या वयात निघाला हे वेगवेगळं बघितलं. अमेरिकेतले मृत्यूदर धरले तर पन्नाशीतल्या ज्या माणसाला तिसाव्या वर्षी निघाला त्याला सरासरी १४ वर्षं कमी, चाळिसाव्या वर्षी निघाला त्याला १०, पन्नासाव्या वर्षी निघाला त्याला ६. युरोपचे दर धरले तर प्रत्येकी एखादं वर्ष कमी. म्हणजे एकेचाळिसाव्या वर्षी निघालेल्या माझ्यासारखीला दहाच्या जवळपास. आणि आपल्याकडे तर लोकांना गोऱ्यांपेक्षा बऱ्याच लवकर निघतो, माझ्या ऑफिसात तिशीतले तीन-चार जण गोळ्या घेतायत. त्यांना सगळ्यांना ६ सांगणं म्हणजे अप्पांना उगाच घाबरवणं आणि या पोरांना उगाच निर्धास्त करणं.

मॅडमनी मला १० सांगितलं तेव्हा पोटात गोळा आला हे खरं. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. एक कागद काढला, त्याच्यावर १०० बाहुल्या छापलेल्या, माझ्या वयाच्या शंभर बायका असं समजायचं, त्यातल्या दहा वर्षांत ज्या तशाही गेल्या असत्या त्या एका रंगाने रंगवल्या, डायबेटीसमुळे ज्या जास्तीच्या जातील त्या दुसऱ्या रंगाने, आणि बाकीच्या कोऱ्या सोडल्या. कोऱ्या कितीतरी जास्त होत्या. दहा वर्षं कमी ऐकलं की प्रत्येकीच्या आयुष्यातून दहा कापले असं वाटतं, कागदावर बघितलं की कळतं पुढच्या दहा वर्षांत तरी बहुतेक जणी आहेत तिथेच आहेत आणि काही थोड्यांचं फार नुकसान होतंय. मग प्रश्न एवढाच उरतो की त्या थोड्यांमध्ये आपण जाऊ नये म्हणून काय करायचं.

त्याचं उत्तर पण स्वीडनमधूनच, २०१८ चा अभ्यास, टाइप टूचे २ लाख ७१ हजार लोक. पाच गोष्टी बघितल्या: एचबीएवनसी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), लघवीतलं अल्ब्युमिन, बीपी आणि सिगरेट. ज्यांचे पाचही ठिकाणावर होते त्यांचा मृत्यूचा धोका बाकीच्या जनतेपेक्षा जेमतेम ६ टक्क्यांनी जास्त निघाला. आणि मृत्यूच्या बाबतीत सगळ्यात वाईट कोण ठरलं तर साखर नाही, सिगरेट. अर्थात जे पाचही गोष्टी सांभाळतात ते बाकी बाबतीतही काटेकोरच असणार, त्यामुळे सगळं श्रेय त्या पाच आकड्यांना देता येणार नाही हेही मॅडमनी स्वतःहून सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं. डेन्मार्कची स्टेनो ट्रायल त्याहून भक्कम, कारण तिथे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले होते. माणसं फक्त १६०, सगळ्यांना टाइप टू आणि लघवीत अल्ब्युमिन जायला लागलेलं. अर्ध्यांना साधारण आठ वर्षं बीपी, कोलेस्टेरॉल, साखर, व्यायाम सगळं एकदम घट्ट धरून ट्रीटमेंट, अर्ध्यांना तेव्हाची नेहमीची. २१ वर्षांनी बघितलं तर घट्टवाल्यांचं आयुष्य ७.९ वर्षांनी जास्त निघालं. आठ वर्षं कष्ट, जवळपास आठ वर्षं परत. आता बघा, या पाच गोष्टींपैकी सिगरेट सोडून बाकी चारही माझ्या रिपोर्टच्या पहिल्या सहा पानांत होत्या. माझी साखर बरी, एलडीएल जास्त, अल्ब्युमिन नॉर्मल, बीपी काठावर. पान नंबर ७ वर हेच लिहायचं होतं ना! पॅकेजमध्ये इतकी चांगली तपासणी करता आणि आकडा काढताना तिच्यातलं काहीही वापरत नाही, नुसतं डायबेटीस आहे, कापा सहा.

रिव्हर्सलचं पण विचारलं, चाळीस हजारांचं. मॅडम त्याच सेंटरच्या पगारावर आहेत तरी सरळ बोलल्या. वजन भरपूर उतरवलं की टाइप टूच्या काहींची साखर गोळ्यांशिवाय नॉर्मलला येते, ब्रिटनच्या "डायरेक्ट" नावाच्या ट्रायलमध्ये वर्षभराने ४६ टक्के लोकांचं झालं, दोन वर्षांनी ३६ टक्के टिकले. चांगलीच गोष्ट आहे. पण ती ट्रायल आयुष्य मोजायला केलेली नव्हती, त्यामुळे गमावलेली वर्षे परत मिळवा हे तिच्यावरून कोणी लिहू शकत नाही.

अजून एक गोष्ट जी मला स्वतःला खटकते. हे सगळे आकडे स्वीडन, स्कॉटलंड, अमेरिका. आपल्याकडे आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) २०२३ च्या अभ्यासाप्रमाणे १० कोटी १० लाख लोकांना डायबेटीस आहे, गोव्यात तर २६.४ टक्के, चौघांत एक. एवढ्या लोकांना आपण बाहेरचा आकडा चिकटवतो. आणि देश बदलला की आकडा बदलतो, चीनमध्ये पाच लाख लोकांच्या अभ्यासात पन्नाशीपर्यंत डायबेटीस निघालेल्यांना ९ वर्षांचा फरक दिसला, तोही गावाकडे शहरापेक्षा जास्त. आजार तोच, दवाखाना लांब. म्हणजे त्या घटीमध्ये नुसती साखर नाहीये, इन्सुलिन वेळेवर मिळतं का, तपासणी परवडते का, पायाला जखम झाली तर कोण बघतं हे सगळं आहे. बारा हजारांचं पॅकेज घेणाऱ्या माझ्यात आणि सुरगाण्याच्या पाड्यावर ज्या बाईला शुगर आहे हेच माहीत नाही तिच्यात एकच ६ कसा लागू होईल?

फीडबॅक फॉर्ममध्ये मी लिहून आलेय की पान ७ ठेवायचंच असेल तर आधी विचारा हवंय का, ज्याचा रिपोर्ट त्याच्याच नंबरवर पाठवा, जन्मापासूनचं ७० काढून त्या माणसाच्या आत्ताच्या वयापासून पुढचं धरा, डायबेटीस कधी निघाला ते घाला, आणि कमी झालेल्या वर्षांशेजारीच कुठला आकडा सुधारला तर फरक पडेल ते छापा. आणि जाहिरात निदान दोन-चार पानं तरी लांब ठेवा. मॅनेजर म्हणाले वरती कळवतो. वरती म्हणजे कुठे देव जाणे.

तर घ्यायचं का हे पॅकेज? घ्या, तपासण्या या किमतीत चांगल्या आहेत आणि अल्ब्युमिन व डोळ्यांसाठी वेगळं फिरावं लागत नाही. बुकिंग करताना आयुष्याचं पान नको असं सांगा, काढून देतात, मी विचारून ठेवलंय. एज्युकेटर मॅडम रोज नसतात आणि पॅकेजमध्ये त्यांची वेळ आहे हे काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही, तेव्हा त्या कधी बसतात ते आधी विचारून तोच दिवस धरा. सकाळी लवकर जा, नऊनंतर पार्किंग मिळत नाही, आणि समोरची मिसळ बरी आहे पण तिखट आहे.